साल पक्की होईपर्यंत

थांबणं मला जमत नाही. चहा उकळायला ठेवला तरी मी तीनदा झाकण काढून बघते. अशा बाईने उशिरा येणारा बटाटा लावावा, हा शहाणपणा माझाच. नवरा फौजेत. दिवाळीची सुट्टी संपवून जाताना म्हणाला होता, "वैशाखात येतो, तवा घरचाच बटाटा खाऊ." लवकर निघणारा बटाटा तोवर टिकला नसता. म्हणून मी हा चार महिन्यांचा वाण आणला आणि सासूबाईंकडून विहिरीजवळच्या सहा सऱ्या मागून घेतल्या. त्यांना मी आत्या म्हणते.

औंधाकडच्या सगळ्या शिवारातले बटाटे निघाले, तरी आमचा पाला हिरवागार. शेवटी तो पिवळा पडला, आम्ही कापून टाकला. आत्या म्हणाल्या, "आता पंधरा दिस हात लावायचा न्हाई. साल पक्की झाल्याबिगर बटाटा टिकत न्हाई गं."

नेमका त्याच आठवड्यात नवऱ्याचा फोन यायचा थांबला. वरच्या चौकीवर रेंज नसते, हे मला ठाऊक होतं. तरी जीव थाऱ्यावर राहीना. भांडी घासता घासता ओल्या हाताने फोन उचलून बघायचे. सहाव्या दिवशी भर दुपारी कुदळ घेऊन गेले आणि एक अख्खी सरी उपसून काढली. का, ते विचारू नका. काहीतरी हाताला लागायला हवं होतं. बटाटे छान पोसले होते, पण अंगठा फिरवला की साल सुटून यायची. त्यातला एकही वैशाखापर्यंत टिकणार नव्हता.

पाटीत भरून घरी आणले. वाटलं, आता आत्या मला उभं-आडवं घेणार. आधी सासऱ्यांची, आता मुलाची, फौजेतल्या माणसांची वाट बघण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना घाई कशाची ती ठाऊकच नाही, असं मी माहेरी सांगायचे.

त्या चुलीपुढे बसल्या होत्या. माझी पाटी बघितली आणि मान खाली घातली. समोर परातीत सात-आठ बटाटे होते, ओल्या मातीने माखलेले. आत्या ते अंगठ्यानेच सोलत होत्या.

"आवं, तुमीपण?" मी विचारलं.

"कडंची दोनच झाडं," त्या म्हणाल्या. मग मान वर न करता, "फोन आला का गं?"

मला एकदम रडू आलं. "न्हाई," म्हटलं आणि त्यांच्याजवळ बसून सोलू लागले.