सोळा प्लस
एक जून उजाडला की फोन मला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो, आणि राणीसावरगावातली ती सकाळ आठवते. मामानं फोनमध्ये माझी शाळेतली जन्मतारीख भरली होती, त्यामुळं गेमच्या दुकानातले सोळा प्लस लिहिलेले खेळ मला दिसतच नव्हते. त्या एक जूनला ते अचानक दिसायला लागले. मी पळत जाऊन चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या आईला दाखवलं. ती म्हणाली, “ती तारीख शाळंत लवकर घालायसाठी गुर्जीनं लिहिलेली हाय. तू झालीस पूस महिन्यात, उसाच्या फडावर, लय थंडीत. सोळाची व्हायला अजून सात महिने हायत. तवर न्हाई.” मी मान हलवली, आणि दुपारी ती झोपल्यावर त्यातला एक खेळ घेतलाच. दिवाळीनंतर मला मामीकडं ठेवून आई ऊसतोडीला गेली. पुसातल्या एका सकाळी फडावरून तिचा फोन आला. मागं कोयत्यांचा आवाज होता. “आज झालीस बघ सोळाची. आता घे तुझा खेळ.” मी नुसतं “बरं” म्हणाले. तोवर त्या खेळाचा कंटाळा येऊन मी तो फोनमधून काढूनही टाकला होता. आईला हे अजून सांगितलेलं नाही, पण तेव्हापासून मी माझं वय पुसापासूनच मोजते.