सव्वापाचची भरती

गोजराआजीने कोयत्याने कुंदनचा हात तोडला, असं दिवाळे गावात जो तो सांगतो. खोटं आहे. वल्ह्याने मोडला, तोही दोन ठिकाणी. मी शेजारचीच, तो आवाज मला हुबेहूब काढता येतो. सुका बोंबील मोडावा तसा.

गावातलाच कुंदन तिच्या चुलीखाली पहार मारत होता, सोन्यासाठी. चव्वेचाळीस साली, महायुद्धात, मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं. त्यावर सोन्याच्या विटा होत्या. त्याच स्फोटाच्या दिवशी आजीचा बाप गोटीराम तिथे मेला. गावाने गोष्ट जुळवली: गोटीराम ओहोटीच्या चिखलात उतरला, एक वीट घरी पाठवली, दुसरीसाठी वाकला आणि भागीदाराने त्याची मान चिरली. मानेची घरघर मी घरोघरी काढून दाखवली होती. कुंदननेही ती माझ्याकडूनच ऐकली.

आठवड्याने तो प्लास्टर घालून, चार पोरं आणि पहारी घेऊन परत आला. "म्हातारे, बाजूला हो. तुजा बाप चोर."

आजी चुलीवरच बसली, वल्हं मांडीवर. "माजा बापूस होडीत व्हता, मासली विकाया गेल्ता. तापल्या लोखंडाचा पत्रा आला नि कमरेत कापला. घरी वरचा अर्धाच आला. मी आठ वर्साची. होडीतला रगत मीच धुतला."

"पण आजी, ओहोटी होती ना?" मी म्हणाले. "पुस्तकात तारीख आहे. चौदा एप्रिल, दुपारी चार."

"भरती व्हती. पैज लाव. मी हरले तर चूल तूच उकर. तू हरलीस तर महिनाभर माजी मासलीची पाटी उचल, नि जिथं जिथं माज्या बापाची मान चिरलीस, तिथं खरा काय तो सांग."

लावली.

"चैत वद्य सप्तमी. दर साली त्या तिथीला बापाचा पान वाढते."

मी बेलापूरच्या गुरुजींना फोन करून जुनं पंचांग काढायला लावलं. त्या तारखेला सप्तमीच निघाली.

आजीने बोटांवर मोजलं. "तिथीची पाऊनपट. साताची सव्वापाच. सव्वापाचला भरती पुरी. मंग चारला चिखल कुटं? पुरुषभर पान्याखाली."

होडीवाल्या घरात हा हिशोब पोरांनाही येतो. कुंदनच्या घरची होडी विकून दहा वर्षं झाली, आमची बारा. तो आणि ती चार पोरं पहारी घेऊन निघून गेली.

आता मी पाटी घेऊन गाव आणि बेलापूरचे सेक्टर हिंडते. दारोदार आधी पत्र्याची गोष्ट, मग कोलंबी. काल एका बाईने विचारलं, "मग सोनं गेलं कुठे?"

मागून आजी म्हणाली, "कोलंबी घे."