माझ्या बहिणीची दोनशे कार्डं

ती माझी सख्खी धाकटी बहीण. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. घरात आम्ही तिला फौजदार म्हणतो, कारण चार वर्षांची असल्यापासून ती प्रत्येकाची उलटतपासणी घेते. "दादा, तू दुकानात गेला होतास ना, मग चपला कोरड्या कशा?" असं. मी तिला शाळेत सोडलं, मी तिची फी भरली, कायद्याच्या कॉलेजचा फॉर्मही मीच रांगेत उभं राहून आणला. मी स्वतः दहावीला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा गणिताने मला उठवलं. पण लिफ्टच्या कामात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मोटरचा नुसता आवाज ऐकून सांगतो कुठलं बेअरिंग गेलंय. हे फुशारकी म्हणून सांगत नाही, कुणालाही विचारा.

तर फौजदार कायद्याची परीक्षा पास झाली. पहिल्या वर्गात. मला वाटलं, झालं, आता पाटी लावायची. तेव्हा तिने मला समजावलं की पदवी मिळाली म्हणून कुणी सॉलिसिटर होत नाही. एखाद्या फर्ममध्ये लेखी करार करून दोन वर्षं उमेदवारी करावी लागते, मग आणखी एक परीक्षा, मग नाव नोंदवहीत चढतं. तोपर्यंत स्वतःला सॉलिसिटर म्हणवून घेणं हा गुन्हा आहे. हे तिने मला नीट सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा, कारण मी ते विसरलो.

उमेदवारी मिळवणं म्हणजे काय ते मला दोन वर्षांत कळलं. एकशे अठ्ठेचाळीस अर्ज. मी मोजलेत, कारण पाकिटं मीच नेऊन द्यायचो. निम्म्यांचं उत्तरच नाही. बाकीच्यांचं एकाच साच्यातलं, "आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा." अरे, शुभेच्छा कसल्या देता? जागा द्या! सतरा मुलाखती झाल्या. प्रत्येक ठिकाणी शेवटचा प्रश्न तोच, "घरात कुणी वकिली पेशात आहे?" ही सांगायची, "नाही, भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो." की समोरचा हसून पेनाला टोपण लावणार. असा संताप यायचा मला! तुम्ही सहाव्या मजल्यावर बसता साहेब. तिथे रोज पोचता कुणाच्या जिवावर?

शेवटी एका मोठ्या फर्मने तिला घेतलं, पण करार न करता. "सहा महिने काम बघू," म्हणाले. एक जागा, आणि तिच्यासाठी दोघं जण. एक ही. दुसरा एका बड्या अशिलाचा मुलगा, भर उन्हाळ्यात तीन बटणांचा कोट घालून येणारा. त्याला सगळे कोटच म्हणायचे. पानांवर आकडे घाल, अनुक्रमणिका कर, फिती बांध, जुनी खरेदीखतं वाचून मालकीची साखळी कुठे तुटते ते शोध, ही सगळी कामं बहीण करायची. सकाळी आठला जायची. कोट अकराला यायचा आणि मधल्या साहेबांबरोबर चहा प्यायचा. फर्मचे हे मधले साहेब म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचे भागीदार. त्यांच्या वर फक्त थोरल्या बाई, सत्तरीच्या, फर्म त्यांनीच उभी केलेली.

आता माझा पराक्रम सांगतो.

पाचव्या महिन्यात तिने एका खरेदीखतातली अशी चूक पकडली की थोरल्या बाईंनी तिला सगळ्यांसमोर "शाबास" म्हटलं. तिने घरी येऊन सांगितलं आणि मला राहवेना. मला वाटलं, जागा खिशात आली. दुसऱ्याच दिवशी छापखान्यात जाऊन दोनशे कार्डं छापून घेतली. जाड कागद, उठावाची अक्षरं, वर तिचं नाव, खाली "सॉलिसिटर", त्याखाली माझा मोबाइल नंबर. तिला न विचारता. करार झाला की एकदम हातात ठेवायची, असा बेत होता. पण कार्ड खिशात ठेवून गप्प बसणं आपल्याला जमणारं नाही. औषधवाल्याला दिलं, शिंप्याला दिलं, ज्या ज्या इमारतीत काम होतं तिथल्या वॉचमनला दिलं. एकतीस वाटली.

त्यातलं एक मी कुणाला दिलं असेल? तिच्या फर्मच्या इमारतीची लिफ्ट माझ्याकडेच होती. दार सरकतं ती खाच साफ करत होतो, तर एक कोटातला तरुण आत आला. म्हटलं, बडा माणूस दिसतोय. हात पुसून कार्ड पुढे केलं. "साहेब, कायद्याचं काही काम निघालं तर सहाव्या मजल्यावर माझी बहीण आहे. सॉलिसिटर." त्याने कार्ड वाचलं. उलटून पाहिलं. "वा! नक्की येईन हं, दादा," म्हणाला आणि हसत आतल्या खिशात ठेवलं.

मी त्याला आधी कधी बघितलंच नव्हतं हो!

चार दिवसांनी मधल्या साहेबांनी बहिणीला खोलीत बोलावून टेबलावर ते कार्ड ठेवलं. पात्र नसताना सॉलिसिटर म्हणून मिरवते, अशी तक्रार. तक्रार खरी ठरली असती तर ही जागा तर गेलीच असती, वर कुठल्याही फर्मने तिला दारात उभं केलं नसतं. नोंदवहीत नाव चढण्याआधीच काळ्या शाईने खोडलं गेलं असतं.

घरी आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी जेवत होतो. तिने विचारलं, "किती छापलीस?"

"दोनशे. पण बघ ना, अक्षरं कशी उठून..."

"वाटली किती?"

"असतील पाच-दहा."

"दादा."

"एकतीस."

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "तुला मी सांगितलं होतं," एवढंच म्हणाली, आणि तीन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. त्या तीन दिवसांत मी शहर पालथं घातलं. औषधवाला म्हणाला, "दिलेली वस्तू परत मागतोस? लाज आहे का?" शिंप्याने कार्डामागे कुणाच्या तरी कॉलरचं माप लिहिलं होतं, ते आधी दुसरीकडे उतरवून घेतलं आणि मग दिलं. तीस परत आणली. एकतिसावं साहेबांच्या टेबलावर होतं.

चौथ्या दिवशी ती बोलली, तेही फौजदारासारखंच. "थोरल्या बाईंनी बुधवारी बोलावलंय. तू यायचंस. आधी सगळं लिहून काढ. तुझ्या शब्दांत. मी एक अक्षर सुचवणार नाही, नाहीतर म्हणतील हिनेच लिहून दिलं."

मी चार पानं लिहिली. लिफ्टच्या धंद्यात मी कसा आलो, गावातला पहिला हायड्रॉलिक जॅक कुणी बसवला, बहिणीला कसं वाढवलं, कोटासारख्या लोकांची लायकी काय, सगळं. आईला वाचायला दिलं. आईने चष्मा लावून चारही पानं वाचली, मागची बाजूही बघितली.

"छान आहे," ती म्हणाली. "यात तुझी चूक कुठे लिहिलीयेस? मला काही सापडली नाही."

मी चिडलो. "चूक काय चूक! बहिणीचं कौतुक केलं, खून नाही केला!"

"मग खून केला असतास तरी तिला इतका त्रास झाला नसता," आई म्हणाली. "तुरुंगात तू गेला असतास, ती नाही."

आमच्या आईचं तोंड हे असं. पण ती उठून गेल्यावर मी चारही पानं फाडली. सात ओळी लिहिल्या. कार्डं मी छापली. तिला विचारलं नाही. ती सॉलिसिटर नाही हे मला माहीत होतं. तरी छापलं. तिला कळलं ते कार्ड साहेबांनी दाखवलं तेव्हा. एकतीस वाटली, तीस परत आणली, सोबत जोडली आहेत. चूक माझी एकट्याची आहे. आयुष्यात इतक्या कमी ओळींत मी काही सांगितलं नव्हतं. हात दुखला.

बुधवारी चारला आम्ही थोरल्या बाईंच्या खोलीत. मोठं टेबल, भिंतभर फायली, मधले साहेब खिडकीशी. बाईंनी सात ओळी वाचल्या. मग मला विचारलं, "हे अक्षर तुमचं?"

"हो बाई."

"तिला कळल्यावर तिने काय केलं?"

"तीन दिवस बोलली नाही माझ्याशी."

"फक्त तीन?" बाई म्हणाल्या. मला वाटलं हसल्या.

मधले साहेब खिडकीशी उभे राहूनच म्हणाले, "घरातच अशी संस्कृती असेल तर अशिलांनी विश्वास कसा ठेवायचा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिभेवर आलं होतं, की साहेब, हिने केलेल्या कामावर तो कोट चहा पितो ती कुठली संस्कृती? बहिणीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी दात आवळले. आयुष्यात मी दोनदाच गप्प बसलोय. एकदा लिफ्टच्या खड्ड्यात पाय अडकला होता तेव्हा, आणि एकदा त्या खोलीत.

बाईंनी पेन घेतलं आणि कागदावर लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "चौकशी केली. मुलीचा काही दोष नाही. तक्रार बंद." सही केली. मला इतका आनंद झाला की मी विचारूनच टाकलं, "मग करार कधी करायचा बाई?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "करार सोमवारी झाला," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या उमेदवाराशी."

"सोमवारी? मग आज बुधवारी आम्हाला बोलावलंत कशाला?"

"तक्रार बंद करायला."

बघा! आधी जागा देऊन मोकळे झाले, आणि मग निर्दोष ठरवलं! मी खुर्चीतून उठलोच. पण माझ्याआधी बहीण बोलली. आवाज एकदम कोरडा. "बाई, तुम्ही आत्ता लिहिलंत त्याची सहीशिक्क्याची प्रत मला मिळेल का?" मधले साहेब म्हणाले, "त्याची काय गरज?" ती म्हणाली, "तुम्हाला नसेल." बाईंनी प्रत दिली. देताना बहिणीच्या डोळ्यांत बघितलं नाही. एवढी मोठी फर्म उभी केली त्यांनी, आणि बड्या अशिलाच्या एका पोरापुढे मान खाली. मी हे कधीही विसरणार नाही.

सहा मजले बहीण जिन्याने उतरली. मी लिफ्टवाला, तिच्यामागे जिन्याने. तिसऱ्या मजल्यावर ती थांबली आणि भिंतीवर एक बुक्की मारली. हात झटकला, फुंकर घातली. "एक शब्द बोलू नकोस," म्हणाली. खाली आल्यावर त्या इमारतीचं काम सोडतो म्हणून मॅनेजरला सांगून टाकलं. आता बसा दोरीने चढत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर फौजदार स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नवा अर्ज भरत होती. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका फर्मचा. अर्ज दहाच्या आत हातोहात द्यायचा होता, लेखी परीक्षा त्याच दुपारी. शेवटच्या पानावर प्रश्न होता, "तुमच्या वर्तणुकीविरुद्ध कधी तक्रार झाली आहे का?" पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. तिचं पेन "हो"वर टेकलेलं.

मी तिचा हात धरला. "वेडी आहेस का? बंद झाली ना तक्रार? लिही 'नाही'! कोण येतंय बघायला?"

"झाली होती का, असं विचारलंय. टिकली का, असं नाही विचारलं."

"तो कोट असता तर त्याने 'नाही'च लिहिलं असतं!"

"लिहिलं असतं," ती म्हणाली. "हात सोड."

तिने "हो"वर खूण केली. खाली सगळं लिहिलं, बाईंच्या सहीचा कागद जोडला, त्यामागे माझ्या सात ओळींची प्रत. मी तिला गाडीवर नेलं. वाटेत सिग्नलवरसुद्धा मी रागाने हॉर्न वाजवत होतो. ती आत गेली. दहा मिनिटांनी परत आली.

"घेतला?"

"घेतला. काउंटरवरच्या बाईंनी शेवटचं पान उभ्या उभ्या वाचलं. मग आत नेऊन कुणाला तरी दाखवून आल्या. म्हणाल्या, दोनला परीक्षेला बसा."

"किती जण आहेत?"

"साठ."

"आणि जागा?"

"दोन."

"साठ जणांत दोन!" मी रस्त्यातच ओरडलो. "यांच्या..."

"दादा, ओरडू नकोस," ती म्हणाली. "मला चार तास आहेत. कुठेतरी बसायला टेबल बघ, आणि तू कामाला जा."