परदेशी जाण्याआधीची उगवण चाचणी

मित्रहो, एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. गावातला पहिला विद्यार्थी ज्या देशात शिकायला जातो, त्याच्यामागून जाणारे सगळे तिथेच जातात. विषय मात्र प्रत्येकाचा वेगळा! असे का, याचे उत्तर मला आज सकाळी मिळाले.

माझी विद्यार्थिनी स्नेहल वडिलांसह संतपूरहून गुलबर्ग्याला माझ्या घरी आली. तिला बियाणेशास्त्र शिकायचे आहे आणि तिच्या मनासारखा अभ्यासक्रम नेदरलँड्समध्ये आहे. वडिलांचा हट्ट कॅनडाचा. अर्जाची मुदत उद्या संपते.

"कॅनडाच कामून, अप्पा?" मी विचारले.

"माझ्या मेव्हण्याचा पोरगा हाय तिथं, सर. ही आजारी पडली तर बघायला कोण?"

"अप्पा, दादा तिथं ट्रक चालवायलाय. मला बियाणं शिकवणार हाय का?" स्नेहल म्हणाली.

त्या हट्टामागे निखळ माया होती. म्हणून मी बोलणे त्यांच्याच शेतीकडे वळवले. "सोयाबीन पिशवीवरचं नाव बघून पेरता का?"

"न्हाई ओ! शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतो. उगवले तरच पेरतो."

स्वतःचेच बोलणे त्यांच्या ध्यानात आले. मग लेकीकडे वळले. "तुझ्या त्या देशात काय शिकवतेत, सांग बघू. आन् फोन रोज करायचा, व्हय का?"

ही उगवण चाचणी तुम्हीही करून पाहा. देश निवडण्याची तुमची कारणे कागदावर लिहा. देशाचे नाव आणि तिथल्या ओळखी सांगणाऱ्या ओळी खोडा. उरलेल्या ओळींत तुमचा विषय उगवलेला दिसतो का?