शेंदराचं बोट

माझ्या भक्तीबद्दल मला कधीच शंका नव्हती. त्या आठवड्यात शंका होती ती बाबुसोबद्दल. सुर्ल्याला खनिज चाळायच्या प्लांटवर मी फिटर आणि बाबुसो माझा मदतनीस. सावंतवाडीकडचा, वयाने माझ्याहून मोठा. पट्टा ओढणाऱ्या गिअरबॉक्सचं तेल सीलमधून गळत होतं. तीन सील बदलली, तिन्ही बाबुसोनेच बसवलेली. शेवटी बेअरिंगही तापून गेलं, तेव्हा मी साहेबांना सांगून टाकलं की दोष याच्या हातात आहे. सोमवारी त्याला कामावरून काढायचं ठरलं. तो एवढंच म्हणाला, "मेस्त्री, सील मी बरोबर बसयलंय. देवाक म्हायत." देवाचं नाव घेतलं म्हणून मी उलट चिडलोच.

रविवारी कोरगावला घरी आलो आणि सवयीने मारुतीच्या देवळात गेलो. एक अनोळखी म्हातारा काडीने मूर्तीच्या नाकावरचा शेंदूर खरवडत होता. माझ्या हातातली शेंदराची पुडी पाहून म्हणाला, "आनी कितलो लायतलो रे? देवान स्वास खंयच्यान घेवपाचो?" देवाने श्वास कुठून घ्यायचा, हा त्याचा प्रश्न हसण्यावारी नेऊन मी प्रदक्षिणेला वळलो. तिसऱ्या फेरीत पाय जागीच थांबले.

दर मंगळवारी काम सुरू होण्याआधी आम्ही यंत्राची पूजा करतो. तेलात कालवलेल्या शेंदराचं बोट लावायचा मान माझा. ते मी लावत आलो गिअरबॉक्सच्या माथ्यावरच्या बोंडीला. त्या बोंडीला बारीक भोकं असतात. तेल तापलं की आतली हवा तिथून निघते. ती वाट बुजली तर दाब वाढून तेल सीलमधून बाहेर येतं. हे मीच इतरांना शिकवलेलं आहे.

सोमवारी साहेबांच्या आधी पोचलो. बोंडी काढली. शेंदूर आणि खनिजाची धूळ बसून सगळी भोकं घट्ट बुजली होती. ती त्यांच्या टेबलावर ठेवून दोष माझा असल्याचं सांगितलं. बाबुसोसमोर मला फार लाज वाटली. तो कामावर राहिला. नवं सील त्यानेच बसवलं आणि ते आजवर गळलेलं नाही.

त्या म्हाताऱ्याबद्दल गावात विचारलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. तो कोण, याचा मी खल करत नाही, हात जोडतो. माझ्याकडून देवाला काय हवं, हे मीच ठरवत आलो होतो, ते आता सोडलंय. मंगळवारची पूजा अजून होते. बोट शेंदरात बुडवून मी बाबुसोकडे पाहतो. तो बाजूच्या पत्र्यावर जागा दाखवतो, "मेस्त्री, हयसर लावा." मी तिथेच लावतो.