नव्वदच्या वेगानं येणारा टँकर

गणित शिकवणाऱ्या बाईनं गणितातच तोंडावर आपटावं, आणि तेही कचेरीतल्या साहेबांसमोर, अख्ख्या गल्लीसमोर, वर स्वतःच्या वडिलांसमोर, असं कुठं ऐकलंय का तुम्ही? नसेल ऐकलं. म्हणून तर सांगते. फक्त चहाचा घोट तोंडात असताना हसू नका, पुढचा माणूस भिजतो.

मी मूळची नांदेडची. गोदावरीच्या काठची. पाणी म्हणजे बादली बुडवली की येतं, एवढंच मला ठाऊक. नोकरी लागली लातूरला, सातवीच्या वर्गाला गणित शिकवायला. त्यात वडीलही नांदेडला हायस्कुलात गणिताचेच मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. म्हणजे मला हिशोबाचा केवढा गर्व असेल, बघा.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या भाड्याच्या घरांतून सुरू होत होत्या. कुठं साहेब आले होते पण खुर्ची यायची होती, कुठं खुर्ची आली होती पण साहेब यायचे होते. लोकांची छाती मात्र फुगलेली. आमच्या गल्लीतले कापड दुकानदार शिवलिंगआप्पा गिऱ्हाइकाला सांगायचे, "भाव करू नका, आता तुम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी कापड घेऊन राहिलात."

जिल्हा झाला आणि पावसानं पाठ फिरवली. विहिरी आटल्या, नळ कोरडे पडले, आणि गल्लीत टँकर सुरू झाला.

आमची गल्ली म्हणजे काय हो, दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीनं माघार घ्यायची, एवढी. एका टोकाला पिठाची गिरणी, दुसऱ्या टोकाला पाण्याचा हौद. पहाटेपासून दोन्ही कडांना घागरींची रांग, घागरींमागं बाया, बायांमागं लेकरं. आणि मधून बाबूमियाँचा टँकर सुसाट यायचा. ठेकेदार त्यांना खेपांवर खेपा करायला लावायचा. एक खेप टाकली की दुसरीला पळ. टँकर आला की रांग भिंतीला चिकटायची आणि गेला की परत सुटी व्हायची.

एक दिवस शेजारच्या गंगूमावशी भिंतीला चिकटायला जागा नव्हती म्हणून घागरीवरून मागं उलटल्या. मनगट मोडलं. शेजारी माझी पितळी घागर होती, ती चाकाखाली जाऊन परात झाली. घागरीचं जाऊ द्या. मावशीच्या कडेवर नातू होता. त्याला काही झालं नाही, पण ज्या सगळ्यांनी ते बघितलं त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

मी म्हटलं, आता बास. या गल्लीला वेगाची हद्द घालून आणीनच.

नगरपालिकेत गेले. तिथले कारकून भले गृहस्थ. म्हणाले, "बाई, गल्ली आमची हाय, पण गल्लीतला वेग आमचा न्हाई. तो पोलिसांचा."

पोलिसांत गेले. वाहतुकीचे इन्स्पेक्टर म्हणाले, "वेग मोडला तर पकडू आम्ही. पण ठरवायचा हुकूम कलेक्टर कचेरीतून यावा लागतो. हद्दच न्हाई तर मोडली कशी म्हणू?"

कलेक्टर कचेरीतले साहेब तरुण होते. खुर्ची आलेल्यांपैकी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "टँकर किती वेगानं येतो?"

"लई जोरानं येतो."

"लई म्हणजे ताशी किती?"

आता मी गणिताची बाई. मला हा प्रश्न विचारायचा म्हणजे पैलवानाला मांडी थोपटून दाखवण्यासारखं. मी म्हटलं, "मोजून आणते."

शाळेतून खेळाच्या तासाचं स्टॉपवॉच आणलं. आप्पांनी एका गवंड्याकडून लांब कापडी टेप आणला. एका बाजूला फूट, दुसऱ्या बाजूला मीटर, आणि दोन्ही बाजू वापरून वापरून सारख्याच पुसट झालेल्या. आप्पा गिरणीपाशी टोक धरून बसले, मी हौदाकडं चालत गेले. बरोबर दीडशे भरलं. मी वहीत लिहिलं, दीडशे मीटर.

हं, आत्ताच हसू नका.

दुसऱ्या दिवशी टँकर गिरणीपाशी आला की आप्पांनी उपरणं खाली सोडायचं आणि मी हौदापाशी बटण दाबायचं, असं ठरलं. आप्पांनी असं काही उपरणं सोडलं, जणू आगगाडीला झेंडी दाखवून राहिले. टँकर सहा सेकंदांत हौदाशी. दुसऱ्या खेपेलाही सहा. तिसरीला जरा जास्त, कारण मध्ये शेळी आली.

ओट्यावर बसून गुणाकार भागाकार केला. उत्तर आलं, ताशी नव्वद किलोमीटर.

आप्पा म्हणाले, "बाई, नव्वद म्हंजे लई न्हाई का व्हायलं? आपली नांदेडची यष्टी बी सडकेवर एवढी पळत न्हाई."

खरं म्हणजे तिथंच मला शहाणपण यायला हवं होतं. पण मी काय म्हणाले? "आप्पा, गणित हाय ते. त्यात तुमचं माझं मत चालत न्हाई."

मी अर्ज लिहिला. गल्लीतून भरलेला टँकर ताशी नव्वदच्या वेगानं धावतो, तरी हा वेग तिसऱ्या हिश्श्यावर आणून ताशी तीसची हद्द घालावी, ही विनंती. खाली साऱ्या गल्लीच्या सह्या आणि अंगठे.

साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि परत वाचला. "नव्वद? गल्लीत?"

"मी स्वतः मोजलंय, साहेब. गणित शिकवते."

मग काय विचारता. जिथं कागद टेबलावरून उठायला पंधरवडा घेतात तिथं हा कागद उडाला. नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी नव्वदच्या वेगानं टँकर फिरतोय, उद्या काही बरंवाईट झालं तर? हुकूम निघाला. पाटी रंगवून झाली. आणि साहेब म्हणाले, पाटी लावताना मी स्वतः येईन. इन्स्पेक्टरही जीप घेऊन येतील, म्हणजे टँकरवाल्याला जरब बसेल.

गल्लीत दिवाळी. आप्पांनी नारळ आणला, मावशीनं मोडक्या हातानं रांगोळी घातली, आणि मी, अहो मी नांदेडला वडिलांना पत्र टाकलं की पोरीचा पराक्रम बघायला या. बाबा पहिल्या एस्टीनं आले. धोतर, काळा कोट, हातात छत्री. आप्पांच्या ओट्यावर मानाच्या जागी बसवलं त्यांना.

पाटी उभी राहिली. वेगमर्यादा ताशी ३० कि.मी. टाळ्या झाल्या. साहेब दोन शब्द माझ्याबद्दल बोलले. म्हणाले, नुसती तक्रार करणारे रोज येतात, मोजून आणणाऱ्या या पहिल्याच. मी बाबांकडं बघितलं. त्यांची मान ताठ झाली होती.

मग इन्स्पेक्टर म्हणाले, "आता बाबूमियाँ, तुम्ही रोज येता तसा टँकर आणा. मी जीप मागं लावतो. लोकांना कळू द्या पोलीस वेग कसा धरतात ते."

टँकर गेला, वळून आला. मागं जीप. तोच आवाज, तीच धूळ, तेच भिंतीला चिकटणं. हौदापाशी दोन्ही गाड्या थांबल्या. इन्स्पेक्टर उतरले. त्यांचा चेहरा जरा वेगळाच दिसत होता.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"सत्तावीस."

"सत्तावीस काय?"

"ताशी सत्तावीस, साहेब. काटा त्याच्या वर गेलाच न्हाई."

साहेब बाबूमियाँकडं वळले. "आज मुद्दाम हळू आणली का?"

बाबूमियाँ टोपी हातात धरून उभे. "नै साब, खुदा की कसम, रोज इत्ताच चलाता. अब हुकूम तीस का है, तो और तीन बढ़ाना पड़ता क्या?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. म्हणजे मी, जिनं टँकर हळू करायला एवढी धावपळ केली, तिनंच त्याला आणखी जोरात यायची सरकारी परवानगी आणून दिली होती.

तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. अगदी हलका, वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला विचारतात तसा.

"सुमन, टेपची कुठली बाजू धरली होतीस?"

बाबांनी मनातल्या मनात हिशोब करून टाकला होता. टेप आप्पांच्या दुकानात खुंटीला होता. आणायची गरजच नव्हती. मला एका क्षणात सगळं दिसलं. दीडशे खरे होते. पण फूट.

बाबांनी पुढं काही विचारलं नाही, ते जास्त लागलं. क्षणभर वाटलं, टेप पुसट होता म्हणावं. किंवा आप्पांनी टोक नीट धरलं नाही म्हणावं. आप्पा तर इतके सज्जन, त्यांनी हो म्हटलंही असतं.

पण रांगेत मावशी उभी होती, हात गळ्यात बांधलेला.

मी पुढं झाले. "साहेब, मोजणी माझी चुकली. मी फुटाला मीटर समजले. आप्पा शंका काढून राहिले होते, मीच ऐकलं न्हाई."

कुणीतरी मागं फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे सत्तावीस. मग तक्रार कशाची? हा वेग काही फार नाही."

आणि त्या वाक्यानं माझी लाज कुठल्या कुठं पळाली, आणि राग आला.

"साहेब, आकडा चुकला. मावशीचं मनगट मोडलं ते चुकलं न्हाई. सत्तावीस म्हणजे थोडं की फार, ते जीपमध्ये बसून कळत न्हाई. तुम्ही या रांगेत उभं राहा. घागर घेऊन."

इन्स्पेक्टर म्हणाले, "बाई, बोलताना जरा..."

साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं. तरुण होते, म्हटलं ना. मावशीची घागर उचलली आणि रांगेत जाऊन उभे राहिले. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला लेकरू, मागं भिंत.

"आणा टँकर. रोजच्यासारखा," ते म्हणाले.

बाबूमियाँनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा साहेबांकडं बघितलं, आणि टँकर काढला. गिरणीपाशी तो दिसला तेव्हा साहेब हसतमुख होते. निम्म्यावर आला तेव्हा हसू गेलं. अगदी जवळ आला तेव्हा साहेबांनी घागर टाकली आणि आप्पांच्या ओट्यावर उडी मारली ती थेट बाबांच्या मांडीवर. एक बूट खालीच राहिला. टँकरच्या वरच्या झाकणातून पाणी हिंदकळलं आणि बरोबर त्या बुटात पडलं. आणि दुष्काळ बघा कसा असतो, दोघी-तिघी बाया घागरी घेऊन त्या पाण्याकडं धावल्या.

बाबांनी साहेबांना धरून उभं केलं आणि अदबीनं विचारलं, "साहेब, किती वाटला वेग?"

साहेबांनी श्वास घेतला. "नव्वद."

मग जी गल्ली हसली म्हणता. इन्स्पेक्टर हसले, बाबूमियाँ हसले, मावशी हसता हसता हात सांभाळायला लागली. साहेबांनी एका पायावर उभं राहूनच पाटी रंगवणाऱ्या पेंटरला हाक मारली. "तिसाचे दहा कर. दुरुस्तीचा हुकूम उद्या काढतो."

पेंटरनं तिथंच तिनावर पांढरा रंग मारला आणि एक काढला.

इन्स्पेक्टर म्हणाले, "हुकूम निघंल साहेब, पण हितं रोज उभं राहायला माझ्याकडं माणूस न्हाई."

मावशी म्हणाली, "माणूस कशाला? आमच्या घागरी हायत की." आणि बायांनी रिकाम्या घागरी गल्लीच्या मधोमध अशा मांडल्या, एक इकडं, एक तिकडं, की टँकरला नागासारखं वळत वळतच यावं लागेल. साहेबांनी ते बघितलं आणि गिरणीपाशी मुरमाचा एक उंचवटाही करून द्यायला सांगितलं.

सगळ्यात खूश कोण झालं असेल? बाबूमियाँ. त्यांनी माझ्याजवळ येऊन सांगितलं, "बाई, ठेकेदार जान खाता था, जल्दी कर, जल्दी कर. अब बोलूंगा, साब का हुकूम है. जेल जाऊं क्या?" त्या दिवसापासून टँकर आमच्या गल्लीत पाहुण्यासारखा यायला लागला. लेकरं त्याच्या बाजूनं चालत चालत हौदापर्यंत जायची. पाऊस पडून टँकर बंद होईपर्यंत पुन्हा कुणाला खरचटलंही नाही.

संध्याकाळी बाबांना एस्टीला सोडायला गेले. म्हटलं, आता ऐकावं लागणार. बाबा खिडकीतून म्हणाले, "उत्तर बरोबर आलं. रीत चुकली. निम्मे गुण देतो." आणि गाडी हलल्यावर मला लांबूनही दिसत होतं, ते एकटेच हसत होते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट सांगितलीच नसती. पण आठवडाभरात मागच्या गल्लीतले चार लोक माझ्या दारात. पुढं एक पागोटेवाले आजोबा.

"बाई, आमच्या गल्लीत बी टँकर लई जोरात येतो. तेवढी मोजणी करून द्या की."

मला भरून आलं. एवढी फजिती होऊनही लोकांचा विश्वास कायम. मी म्हटलं, "हाव आजोबा, उद्याच येते. आणि काळजी करू नका, या वेळी अगदी नीट मीटरनं मोजते."

आजोबा दचकले. मागच्या तिघांकडं बघितलं आणि हात जोडून म्हणाले, "न्हाई बाई, नीट नगं. नीट मोजणारा आमच्यात बी एक हाय, त्याला कचेरीत कुणी इचारत न्हाई. तुम्ही मागं मोजलं व्हतं तसंच मोजा."