कौतुकाच्या पानावर महनाज

आपल्या लेकीला, कादंबरीला, कुणीतरी धरून नेईल, ही आसावरीची धास्ती काही केल्या जात नव्हती. नेपरव्हिलमध्ये जन्मलेली, शिकागोत शिकणारी मुलगी. तिला कोण कशाला धरेल? पण तिची रूममेट महनाज तेहरानची. दोन हजार तीनच्या जूनमध्ये तिथल्या धर्माच्या सरकारने वसतिगृहांतून विद्यार्थी उचलले, त्यात महनाजचा भाऊ होता. तेव्हापासून कादंबरी रोज दुपारी तोंडाला काळी पट्टी बांधून लायब्ररीसमोर उभी राहायची. शाळेतही मैत्रिणीला शिक्षा झाली की ही आपणहून वर्गाबाहेर जाऊन बसायची. महनाज शेजारी असायची, पण डोळ्यांखेरीज सगळा चेहरा ओढणीत. भावासाठी ती शुक्रवारी घरी, तेहरानला निघणार होती. ओळख पटली तर विमानतळावरूनच आत.

आणि आज मराठी मंडळाच्या वेबसाइटवर, ‘कौतुक’ सदरात, स्पेलिंगची स्पर्धा जिंकलेल्या मुलाखाली या दोघींचा फोटो. होस्टेलच्या खोलीत काढलेला, कादंबरीने फक्त घरी पाठवलेला, उघड्या चेहऱ्यांचा, हातात काळ्या पट्ट्या. खाली इंग्रजीत नावं, आडनावांसकट. मंडळाला पाठवला होता संजीवने. बापाला लेकीचं कौतुक.

आसावरीने मंडळाच्या मनोहरकाकांना फोन लावला.

“अगं, चांगलंच लिहिलंय की,” काका म्हणाले. “मुल्लांना जाब विचारणारी आपली वाघीण.”

“तो फोटो काढून टाका, काका. आत्ता.”

“साइट ऋषी बघतो, तो कॅम्पिंगला गेलाय. रविवारी डिलीट करू. आणि तेहरानमध्ये मराठी कोण वाचतंय?”

“नाव इंग्रजीत आहे.”

“कमाल आहे. इथे नाव छापायचं राहिलं म्हणून लोक माझ्याशी भांडतात, आणि तू काढायला सांगतेस.”

तिने फोन आपटला. त्या सरकारला हेर पोसावे लागतात. आपल्या माणसांनी तेच काम फुकटात केलं होतं, वर शाबासकीची वाट बघत.

संजीव सोफ्यावर बसून होता. “कादंबरीला सांगू नकोस. रविवारी जाईलच तो फोटो. कळलं तर ती पुन्हा घरी काही बोलणार नाही.”

ते खरं होतं. गेल्या वर्षापासून कुठे पोर आईशी मन मोकळं करायला लागली होती.

“महनाज शुक्रवारी विमानात बसतेय,” आसावरी म्हणाली. “तुझी लाज राखायला तिने तुरुंगात जायचं?”

तिने पुन्हा फोन उचलला. कादंबरीने घेतला तर फोन आधी महनाजला द्यायला सांगायचं, मग लेकीशी बोलायचं. आणि फोटो कुणी पाठवला, तेही सांगायचं.